अरेंजर कीबोर्डवर स्वतःची स्टाइल: सीमेजर सेव्हनचं गुपित

यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० सारख्या कीबोर्डवर स्टाइल क्रिएटर आहे आणि आपला ठेका स्वतः बांधण्यात फार मोठा आनंद आहे! कहरवा की दादरा, हे आधी ठरवा. टाइम सिग्नेचर त्यावर अवलंबून.

एका स्टाइलमध्ये आठ चॅनेल: दोन ऱ्हिदमचे, मग बेस, दोन कॉर्ड, पॅड, दोन फ्रेज. खरी मेख पुढे आहे. स्टाइलच्या मेन आणि फिल-इन या विभागांमधले स्वर सीमेजर सेव्हन धरूनच वाजवा, म्हणजे सी, ई, जी, बी. सोबत डी आणि ए चालतात. कॉर्ड आणि पॅडला मात्र फक्त पहिले चार. तुम्ही डाव्या हाताने जी कॉर्ड धराल, तिच्याप्रमाणे कीबोर्ड हे स्वर बदलतो. एफ घुसला, की मायनरवर बेसूर होण्याची भीती.

ढोलकी-तबल्याचं किट फ्रेजच्या चॅनेलवर ठेवलंत, तर स्वर कसे बदलायचे ते ठरवणारी दोन सेटिंग्ज, एनटीआर (नोट ट्रान्सपोझिशन रूल) 'रूट फिक्स्ड' आणि एनटीटी (नोट ट्रान्सपोझिशन टेबल) 'बायपास' कराच. नाहीतर कॉर्ड बदलताच बोल सरकतात, धाच्या जागी भलताच आवाज येतो. इंट्रो-एंडिंगला स्वरांची मोकळीक जास्त, तिथे मनसोक्त खेळा.

आणि प्रत्येक चॅनेल झाला की लगेच सेव्ह करा.