सोळा किलोमीटरवरचा घुमट

लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये, पेम्ब्रोक लॉजच्या बागेत किंग हेन्रीज माउंड नावाचा मातीचा उंचवटा आहे. तिथल्या हॉलीच्या कुंपणात मुद्दाम राखलेल्या फटीतून पाहिलं, की झाडांच्या बोळापलीकडे थेट सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. मधलं अंतर सुमारे सोळा किलोमीटर! या नजरेच्या रेषेत ठरावीक उंचीपलीकडे इमारत चढवू द्यायची नाही, असा लंडनच्या नियोजनाचा नियम आहे.

ख्रिस्तोफर रेनचं हे कॅथीड्रल 365 फूट उंच. शतकानुशतकं शहरात त्याहून उंच काही नव्हतं. पण 1933मध्ये नदीजवळ फॅरडे बिल्डिंग हे टेलिफोन एक्स्चेंज उभं राहिलं आणि थेम्सवरून दिसणारा घुमट झाकला जाऊ लागला. कॅथीड्रलच्या वास्तूची देखभाल पाहणारे गॉडफ्री ॲलन यांनी मग दक्षिण काठ आणि पुलांवरून नजरेच्या रेषा आखल्या. भोवतालच्या कोणत्या जागेवर किती फुटांपर्यंत बांधता येईल, याचा चौकटी-चौकटींचा नकाशाच त्यांनी केला. 1938पासून ‘सेंट पॉल्स हाइट्स’ नावाने तो पाळला जाऊ लागला. सुरुवातीला त्यामागे कायद्याचा बडगा नव्हता, निव्वळ सामंजस्य होतं. जिथे फुटाफुटाला पैसा मोजला जातो, तिथे बांधणाऱ्यांनी ते पाळलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नियमांमुळे वास्तुकला खुंटते, असं म्हणणाऱ्यांनी लेडनहॉल बिल्डिंग पाहावी. रिचर्ड रॉजर्स यांच्या संस्थेने आखलेली ही 225 मीटरची इमारत 2014मध्ये पूर्ण झाली. फ्लीट स्ट्रीटवरून पाहताना ती घुमटाला खेटू नये, म्हणून तिची एक बाजू तिरकी मागे नेली आहे. वर जावं तसे मजले अरुंद होतात. लंडनकर तिला ‘चीजची किसणी’ म्हणतात. शहरातल्या नव्या इमारतींत मला तीच सर्वांत देखणी वाटते.

तरीही 2016मध्ये घात झालाच. घुमटाच्या कित्येक किलोमीटर मागे, स्ट्रॅटफर्डमध्ये चढत असलेला टॉवर रिचमंडच्या फटीतून नेमका घुमटामागे डोकावू लागला. इतक्या लांबच्या बांधकामाचा नियमांनी विचारच केला नव्हता. घुमट उठून दिसतो तो मागच्या मोकळ्या आकाशामुळे. ते आकाशही नकाशात धरायलाच हवं होतं.

हा घुमट फटीतून पाहायचा, तर रिचमंड स्टेशनवरून पीटरशॅमपर्यंत बस मिळते, पुढे चढ चालावा लागतो. उंचवट्यावर दुर्बीण आहे. घुमट ईशान्येला असल्याने दुपारनंतर, ऊन पाठीशी असताना जावं.