न चालणारी चित्रफीत : बिघाड कुठे असतो, कुठे नसतो

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील लग्ने, बावधनचे बगाड, पालच्या खंडोबाची यात्रा, गावोगावच्या जत्रांतील तमाशे यांचे घरगुती चित्रण आधी व्हीएचएस कॅसेटवर, मग व्हिडिओ सीडी व डीव्हीडीवर आणि आता मोबाइलवर होत आले असल्यामुळे, एकाच घरच्या संगणकात निरनिराळ्या काळांतील फाइली एकत्र साठतात आणि त्यांतील काही उघडत नाहीत. अशी फाइल ‘खराब झाली’ असे समजून ती पुसून टाकली जाते, आणि या विषयातील सर्वांत घातक गैरसमज हाच आहे. बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. तिची भाषा त्या संगणकाला येत नसते, एवढेच.

याचे कारण फाइलीच्या रचनेत आहे. चित्रफितीची फाइल दोन थरांची असते. बाहेरचा थर म्हणजे चित्र, ध्वनी आणि त्यांच्या वेळेचा मेळ एकत्र ठेवणारे वेष्टन. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही या वेष्टनांची नावे होत. आतला थर म्हणजे कोडेक, अर्थात चित्र दाबून लहान करण्याची आणि पाहताना पुन्हा उलगडण्याची पद्धत. एकाच एमपी४ वेष्टनात २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत असू शकते, तशीच २०१३ सालची एच.२६५ किंवा एचईव्हीसी ही पद्धतही असू शकते. त्यामुळे एक एमपी४ चालते म्हणजे सर्व एमपी४ चालायलाच हव्यात, ही समजूत टिकत नाही. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करू लागले; ती पद्धत उलगडणारा भाग नसलेल्या विंडोज संगणकावर अशा फाइलीचा आवाज ऐकू येतो, पण पडदा काळा राहतो. आवाज येणे हीच फाइल जिवंत असल्याची खूण असते.

याच अज्ञानातून फाइलीच्या नावाचे शेपूट बदलण्याचा उपाय निघतो. पोत्यावर सोयाबीनचा शिक्का मारल्याने आतल्या हळदीचे सोयाबीन होत नाही, तसे नावापुढे एमपी४ लिहिल्याने आतला कोडेक बदलत नाही. खरे रूपांतर करायचे असल्यास ते स्वतंत्र सॉफ्टवेअरने करावे लागते, आणि कोडेक बदलणाऱ्या बहुतेक रूपांतरांत चित्राचा थोडा तपशील कायमचा गळत असल्यामुळे मूळ फाइल जपून ठेवणे अनिवार्य ठरते. अनोळखी संकेतस्थळावरून ‘कोडेक पॅक’ उतरवून घेणे त्याहून धोक्याचे असते, कारण अशा नावाखाली घातक प्रोग्राम सर्रास पसरवले गेले आहेत. व्हीएलसी हा पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली असलेला प्लेअर बहुतेक कोडेक स्वतःतच बाळगतो. तो अधिकृत संकेतस्थळावरून घेतल्यास पॅकची गरज सहसा उरत नाही.

जुन्या लग्नाच्या व्हिडिओ सीडीबद्दलचा घोळ मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. या सीडीतील ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी शेपटाची फाइल असते आणि संगणकाला ती ओळखू येत नाही म्हणून सीडी कोरी किंवा बिघडलेली मानली जाते. वस्तुतः तिच्यात एमपीईजी-१ या पद्धतीने दाबलेले, भारतात रूढ असलेल्या ‘पाल’ या दूरचित्रवाणी प्रणालीप्रमाणे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र असते, आणि व्हीएलसी ते थेट दाखवतो. अशा सीडीवर चित्र साठवताना, अधिक मजकूर मावावा म्हणून, चुका दुरुस्त करणारी राखीव माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे थोड्याशा ओरखड्यानेही फाइल उतरवण्याचे काम अर्ध्यावर थांबते, पण त्यावरून सगळी सीडी गेली असे ठरत नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ती पुष्कळदा वाचली जाते. उतरवून घेतलेल्या फाइलीचा आकारही पाहावा : तासाभराच्या चित्रणाची फाइल काही केबींचीच दिसत असेल, तर मूळ फाइलीऐवजी केवळ तिच्याकडे नेणारा शॉर्टकट उतरला आहे, असे समजावे.

खरा बिघाडही असतो, आणि तो बहुधा चित्रण अचानक थांबल्याने होतो. बॅटरी संपली किंवा वीज गेली, तर एमपी४ फाइलीत चित्र लिहिलेले असते, परंतु कोणते दृश्य कोठे आहे हे सांगणारी सूची बहुतेक कॅमेरे चित्रण संपवतानाच लिहीत असल्यामुळे ती राहून जाते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मांडणीवर घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून दिल्यास, ही सूची पुन्हा उभारू पाहणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. कॅमेऱ्यातील त्या मेमरी कार्डावर नवे चित्रण करणे मात्र तत्काळ थांबवावे, कारण फाइल पुसली गेली असल्यास नवे चित्रण तिच्याच जागेवर लिहिले जाऊ शकते.

खऱ्या बिघाडाचे दुसरे कारण म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. अशा पुरात भिजलेल्या डिस्क उन्हात तापवणे किंवा कोरड्या फडक्याने घासणे ही दोन्ही कामे हानिकारक आहेत. चिखल स्वच्छ थंड पाण्याने धुऊन, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत हलकेच टिपावे आणि डिस्क सावलीत वाळवाव्यात. भिजलेली हार्ड डिस्क तर ‘चालते का पाहू’ म्हणून विजेला जोडूच नये. ती न उघडता तज्ज्ञाकडे द्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा सीडीचा ड्राइव्ह नसतो, म्हणून ज्या घरांत लग्नाच्या आणि जत्रेच्या डिस्क आजही कपाटात आहेत, त्यांनी ड्राइव्ह मिळतो आहे तोवर त्यांच्या दोन प्रती करून एक प्रत पुराच्या रेषेबाहेरील नातेवाइकांकडे ठेवावी.