सूत जुळायला वेळ लागतो

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी एकांकिकेची संहिता घेऊन घरी आला. प्रेमकथा होती आणि तिच्या पोटात एक रहस्यही होते. पाऊण तासात सारे बसवायचे, म्हणून मी लाल पेन्सिल उचलली आणि एक प्रवेश सबंध उडवला. त्यात नायक-नायिका माळीवाड्याच्या स्थानकावर एस.टी.ची वाट पाहत सुट्ट्या पैशांवरून भांडत होती. "यात घडते काय?" मी ऐटीत विचारले.

प्रयोगात रहस्याने प्रेक्षकांना खिळवून ठेवले. पण शेवटी नायिकेचा जीव धोक्यात आला, नायकाने हंबरडा फोडला आणि मागच्या रांगांतून चक्क हशा आला! पोरगा मला एका शब्दाने बोलला नाही. ते न बोलणेच फार दिवस बोचत राहिले.

त्या हशाचा अर्थ मला उलगडला तो घरी 'समांतर' पाहताना. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही वेबमालिका. पहिले पर्व सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेले, मार्च २०२० मधले, नऊ भागांचे. दुसरे समीर विद्वांस यांचे, जुलै २०२१ मधले, दहा भागांचे. कुमार महाजनला (स्वप्नील जोशी) कळते की, आपल्या वाट्याचे आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाच्या गृहस्थाने (नितीश भारद्वाज) आधीच जगून टाकले आहे! पहिले पर्व या चक्रपाणीच्या शोधात झपाट्याने निघून जाते. दुसऱ्यात त्याची रोजनिशी हाती येते. अट एकच, रोज एक पान वाचायचे. आणि एका स्त्रीच्या आगमनाची वर्दी ती रोजनिशीच देते. ही भूमिका सई ताम्हणकरांची. इकडे घरी पत्नी नीमा (तेजस्विनी पंडित) आहेच.

आमची मुलगी म्हणाली, "बाबा, या दोघांत केमिस्ट्रीच नाही."

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "सूत जुळलं नाही, असं म्हण की सरळ!"

मी चपापलो. दोघी बोलल्या ते खरेच होते. रहस्यात लेखक एखादी माहिती दडवून ठेवतो. वेळ आली की एका वाक्यात सांगून मोकळा होतो. दोन माणसांची ओळख मात्र अशी वाक्यात सांगता येत नाही. ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते. कोण येणार हे रोजनिशी सांगेल. पण ही बाई याला का ओढते, हे रोजनिशीने सांगून कसे पटावे? आणि ती ओढच पटली नाही, तर नीमाशी होणारी प्रतारणा केवळ नशिबाची करामत ठरते. मग विधिलिखित बदलू पाहणाऱ्या कुमारच्या धडपडीतली धारच बोथट होते.

आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतला १८९४ साली जन्मलेल्या ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून कथेच्या तंत्राची चर्चा घरोघर नेली. तंत्राच्या आहारी गेले, असा ठपका त्यांच्यावर आला. पण प्रेम जमवायला त्यांच्या हाताशी अख्खी कादंबरी असे. आजच्या लेखकाला भाग मिळतो अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, आणि शेवटी धक्का हवाच. कात्री लागते ती नेमकी निवांत प्रवेशांना. माझ्या पेन्सिलीने तरी दुसरे काय केले होते?

उपाय प्रवेश वाढवण्यात नाही. एकाच प्रवेशाकडून दोन कामे करून घेण्यात आहे. मी त्या विद्यार्थ्याला बोलावले, चूक कबूल केली आणि ते भांडण परत घालायला सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, मग रहस्याची चिठ्ठी त्या सुट्ट्या पैशांतच गुंडाळून देतो." मला हे सुचले नव्हते!

पुढच्या प्रयोगाला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. भांडणाला लोक खळखळून हसले. नायिका संकटात सापडली तेव्हा मात्र सभागृह चिडीचूप झाले. माझ्या शेजारच्या आजींनी पदर तोंडाशी नेला आणि त्या पुटपुटल्या, "अगं बाई, आता त्या पोराचं कसं व्हायचं!"