बुरशीपासून खाण्याचा रंग. ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षितच का?

मीरा रोडचा सिल्व्हर पार्क असो की दादर, चायनीजच्या गाडीवरचे मंच्युरियन लालभडकच लागते. हा रंग येतो कुठून, हा प्रश्न आता गंभीर झाला आहे. कर्नाटकने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. मग पर्याय काय? एक उत्तर आहे बुरशी.

रंग तयार कसा होतो?
इडलीचे पीठ आंबते, तसाच हा प्रकार. शिजवलेल्या तांदळावर मोनॅस्कस ही बुरशी वाढवली की दाणे गडद लाल होतात. चीन आणि जपानमध्ये असा तांदूळ शतकानुशतके वापरात आहे. कारखान्यात हेच काम बंद टाक्यांत होते, त्यामुळे रंगासाठी पिकाच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रात काय झाले?
माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासून बीटा कॅरोटिन आणि लायकोपीनचे उत्पादन वाढवण्यावर काम केले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटिन म्हणजे गाजराचा रंग. शरीरात त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व बनते. लायकोपीन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग.

औषधही, विषही
लाल तांदळात मोनॅकोलिन के असते. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन हे औषध म्हणजे हाच रेणू. पण मोनॅस्कसच्या काही जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही तयार करतात. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार झाल्याने कोबायाशी फार्मास्युटिकलने त्या बाजारातून परत मागवल्या. तपासात दुसऱ्याच एका बुरशीचे प्युबेरुलिक आम्ल सापडले. म्हणजे प्रश्न रंग नैसर्गिक आहे का एवढाच नाही. बुरशीची जात कोणती, टाकी स्वच्छ होती का आणि माल तपासला का, हे महत्त्वाचे.

तुम्ही काय कराल?
- पाकिटावरचा आयएनएस क्रमांक वाचा. १२२ आणि १२४ हे कृत्रिम लाल रंग, तर १६०ए म्हणजे कॅरोटिन.
- गाडीवर ‘रंग न टाकता द्या’ असे सांगा. चव बदलत नाही.
- स्टॅटिनच्या गोळ्या सुरू असतील तर लाल तांदळाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एकाच प्रकारचे औषध दुप्पट पोटात जाऊ शकते.