नस काढलेला दात आणि मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया

नस काढून टाकलेला दात पुन्हा दुखतो कसा? यवतमाळसारख्या गावी दातांविषयी कोणी बोलावयास उभे राहिले, की हा प्रश्न ठरलेलाच. विचारणाराच्या स्वरात तक्रार असते, आणि ती अगदीच अस्थानी नसते. रूट कॅनॉलसाठी त्याने तीनचार खेपा घातलेल्या असतात, वर टोपी बसविण्याचा खर्च सोसलेला असतो. आणि दोनतीन वर्षांनी हिरडीवर एक लहानशी पुळी उगवते. दाबली की पू येतो, बसते, आठ दिवसांनी पुन्हा भरते. मग घरची मंडळी म्हणतात, ‘काढून टाका एकदाचा!’ या सल्ल्यातली घाई आम्हांस मान्य नाही.

ज्याला आपण दाताची नस म्हणतो तो वस्तुतः रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी यांचा एक बारीक गर असतो. तो काढला म्हणजे दाताच्या आतली संवेदना जाते. परंतु दात हाडात नुसता ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते, आणि त्याची संवेदना शाबूत राहते. दात मुका झाला तरी त्याचे शेजारी बोलके असतात. मुळाच्या टोकापाशी जंतू टिकून राहिले, की हे अस्तर सुजते, भोवतालचे हाड झिजते आणि पू वाट काढीत हिरडीवर येतो.

जंतू राहतातच का? कपाशीचे झाड उपटून पाहिलेल्यास हे सांगणे सोपे जाईल. सोटमूळ सरळ खाली गेलेले दिसते, पण टोकाकडे त्याला बारीक फाटे फुटलेले असतात. दाताच्या मुळातली नळीही टोकाजवळ अशीच फुटते. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या नळ्यांत रबर भरून त्यांचे ठसे घेतले आणि १९१७ साली ते प्रसिद्ध केले. तेव्हा ही गुंतागुंत डोळ्यांना दिसली. दंतवैद्याची सुई मुख्य नळीतून जाते, फाट्यांत वळत नाही. काम उत्तम झाले तरी एखाद्या फाट्यात जंतू उरू शकतात. कधी काम अपुरे झालेले असते, हेही खरे. आणि दोष जंतूंचाच, हे १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगाने दिसले. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाताचा गर उघडा पाडला तरी तो मेला नाही, उलट वर नवे कवच धरले. साध्या उंदरांत मात्र गर कुजला.

‘काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडचाच नव्हे, बरे का. १९१० साली माँट्रिअल येथे विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी व्याख्यान देऊन तोंडातली घाण सर्व शरीराच्या रोगांचे मूळ ठरविली. त्या मताच्या लाटेत पुढली कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांत वाचविता आले असते असे असंख्य दात उपटले गेले. एका व्याख्यानाने एवढे व्हावे, हे आम्हां व्याख्यात्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता उपायाकडे वळू. पहिला उपाय म्हणजे जुने भरण काढून नळी पुन्हा साफ करणे. हे शक्य असेल तर आधी हेच करावे. पण कधी आत धातूची खुंटी घट्ट बसविलेली असते, ती काढताना मूळच तडकण्याचे भय. कधी सुईचा तुकडा अडकलेला असतो. समोरच्या दाराने जाता येत नाही, तेव्हा परसदारी जावे लागते. त्या परसदाराचे नाव मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया.

जागा बधिर करून हिरडी हळूच उचलतात. खालच्या हाडाला लहानशी खिडकी पाडून मुळाचे टोक उघडे करतात, भोवतीची रोगट पेशी खरवडून काढतात आणि टोकाचे सुमारे ३ मिलिमीटर कापून टाकतात. तीनच का? तर बहुतेक फाटे तेवढ्यात असतात. वरच्या पुढल्या दाताचे मूळ सरासरी १३ मिलिमीटर असते; तीन गेले तरी दहा उरतात, आणि दात पक्का राहतो. मग कापल्या जागी उलट बाजूने तेवढाच खोल खळगा कोरून तो सिमेंटसारख्या द्रव्याने बंद करतात. पूर्वी यासाठी चांदी-पाऱ्याचे मिश्रण वापरीत. १९९३ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद व सहकाऱ्यांनी एम्. टी. ए. नावाचे द्रव्य पुढे आणले. ते ओलाव्यातच घट्ट होते आणि शरीर त्याला परके मानीत नाही. त्याच सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्र दंतवैद्याच्या खुर्चीशी आले. जुन्या पद्धतीत शंभरांतले साठेक दात बरे होत. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात नव्या पद्धतीचा आकडा नव्वदीच्या वर भरला. दुसऱ्या दिवशी सूज येते, टाके थोड्याच दिवसांत निघतात, पण हाड भरून यावयास कित्येक महिने लागतात.

सर्वच दात याला पात्र नसतात. मूळ उभे चिरले असेल तर काढण्यावाचून गत्यंतर नाही. खालच्या दाढांखालून मज्जातंतू जातो, वरच्या दाढांवर नाकाशेजारची पोकळी असते. तेथे जपावे लागते. आणि आपल्या विदर्भात एक अडचण माणसाने स्वतः ओढवून घेतलेली असते, ती म्हणजे खर्रा. वर्षानुवर्षे खर्रा चघळून गालाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार तरी कसे? तंबाखूने जखम भरावयासही उशीर लागतो.

दाताच्या रंगावरून काही ठरवू नये. नस काढलेला दात काळसर पडतो, आणि पांढरकवडा, झरी जामणी भागात पाण्यातल्या फ्लोराइडने निरोगी दातही तपकिरी दिसतात. निर्णय क्ष-किरण चित्राचा. या कामासाठी वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील दंत महाविद्यालय आणि १९६८ पासूनचे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आपल्याला त्यातल्या त्यात जवळ. तिकडे जाताना पहिल्या रूट कॅनॉलच्या वेळची चित्रे बरोबर न्यावी. हाडातली काळी सावली वाढते आहे की घटते आहे, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्यावाचून कोणासही सांगता येत नाही; आणि ती घटत असेल, तर शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही.