राखीव हवाई छत्री, पॅराग्लायडिंगमधील

पॅराग्लायडिंग करताना मुख्य छत मुडपले, पिळवटले अथवा दुसऱ्या छतात गुंतले आणि ते सावरण्यास पुरेशी उंची उरली नाही, तर उड्डाणपटूने हाताने फेकून उघडावयाची लहान हवाई छत्री. ती घडी घालून हार्नेसमधील कप्प्यात बाळगतात. मुख्य छत हवेत पुढे सरकत तरंगते. राखीव छत्रीचे काम उड्डाणपटूचे पतन मंद करणे एवढेच असते. तिचे आकारमान किती असावे हे मुख्यतः तिला लटकणाऱ्या भारावर आणि हवेच्या घनतेवर अवलंबून असते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी व भिलार हा भाग पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहे. येथील कड्यांच्या उत्तरेस कृष्णेचे खोरे असून दक्षिणेस जावळी तालुक्यातील कुडाळी व वेण्णा या नद्यांची खोरी आहेत. तालुक्याचे ठाणे मेढा हे वेण्णेच्या काठी वसले आहे. पाचगणीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी., तर खोऱ्यांच्या तळाची सुमारे ७०० मी. आहे. पावसाळा सरल्यानंतर उन्हाळ्यापर्यंत येथे उड्डाणे होतात.

छत्री पूर्ण उघडल्यावर हवेची ओढ भाराइतकी होते व अवरोहणाचा वेग स्थिर राहतो. हा वेग भाराच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि छत्रीचे क्षेत्रफळ व हवेची घनता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ईएन १२४९१ या यूरोपीय मानकानुसार छत्रीवर छापलेल्या कमाल भारास हा वेग ५·५ मी./से. पेक्षा अधिक नसावा. सुमारे दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यास जमिनीशी एवढाच वेग येतो. जर्मनीतील जुन्या नियमांत ६·८ मी./से. वेगाची मुभा होती व ती २·३५ मी. उंचीच्या उडीइतकी होते. त्या नियमानुसार १०० किग्रॅ. साठी जेमतेम मान्य झालेली छत्री ५·५ मी./से. या मर्यादेत सुमारे ६५ किग्रॅ. भारच उतरवू शकेल. जुनी छत्री विकत घेताना केवळ किलोग्रॅमचा आकडा पाहणे म्हणूनच फसवे ठरते. तो कोणत्या मानकाखाली दिला आहे, हेही पहावे लागते.

उंचीमुळे पडणारा फरक सह्याद्रीत विशेष जाणवतो. समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेच्या तुलनेने १,३०० मी. उंचीवरील हवेची घनता सु. १२ टक्क्यांनी कमी असते. एप्रिलमधील दुपारी तेथील तापमान ३०° से. असेल, तर ही घट सु. १९ टक्के होते. समुद्रसपाटीवर १०० किग्रॅ. भार ५·५ मी./से. वेगाने उतरविणारी छत्री अशा दुपारी पाचगणीच्या पठारावर तोच भार ६·१ मी./से. वेगाने उतरवील. वेगातील ही वाढ थोडी भासते. परंतु उडीची समतुल्य उंची दीड मीटरवरून जवळजवळ १·९ मी. होते आणि घोट्याच्या व कण्याच्या हाडांना तेवढा आघात सोसावा लागतो. मूळचा वेग राखावयाचा असल्यास भार ८१ किग्रॅ. च्या आसपास हवा. खोऱ्याच्या तळाशी ३५° से. तापमानातही वेग ५·९ मी./से. राहतो, खाली हवा दाट असली, तरी उष्णतेने त्याचा फायदा बराचसा नाहीसा होतो.

भार म्हणजे केवळ शरीराचे वजन नव्हे. ६८ किग्रॅ. वजनाच्या माणसाचे कपडे, बूट व शिरस्त्राण, हार्नेस, मुख्य छत, उपकरणे आणि पाणी धरून एकूण भार सहज ९० किग्रॅ. होतो. अशा व्यक्तीला १०० किग्रॅ. ची छत्री कागदोपत्री पुरेशी असली, तरी वर दिलेल्या उन्हाळी दुपारी वेग ५·८ मी./से. येतो, १२० किग्रॅ. च्या छत्रीने तो ५·३ मी./से. राहील.

मग सर्वांत मोठी छत्री का घेऊ नये? मोठे कापड हवेने भरण्यास अधिक वेळ घेते आणि कड्याजवळ कमी उंचीवर अपघात झाल्यास एकेक सेकंद मोलाचा असतो. भार फार कमी असल्यास गोल छत्री लंबकाप्रमाणे झोके घेऊ लागते. १७९७ मध्ये पॅरिस येथे गार्नरँ यांनी बलूनमधून हवाई छत्रीने उतरताना असे तीव्र झोके अनुभवले होते; त्यांच्या छत्रीला माथ्याशी छिद्र नव्हते. हल्लीच्या चौकोनी छत्र्या कमी झोके घेतात. मंद उतरणारी छत्री वाऱ्याने अधिक दूरही वाहून जाते. ताशी १५ किमी. वाऱ्यात शंभर मीटर उतरताना ५·५ मी./से. वेगाची छत्री ७६ मी., तर ४·५ मी./से. वेगाची छत्री ९३ मी. सरकते. कृष्णेच्या बाजूस धोमचा आणि मेढ्याच्या खाली वेण्णेवर कण्हेरचा जलाशय असल्याने, तसेच विजेच्या तारांमुळे, हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

छत्री उघडल्यावरही मुख्य छत फुगलेले राहिले, तर दोन्ही एकमेकांपासून दूर ओढली जातात व वेग वाढतो. त्यामुळे मुख्य छताच्या दोऱ्या ओढून ते निकामी करावे लागते. क्षेत्रफळाचे कोणतेही गणित ही क्रिया टाळू शकत नाही.

आकारमान ठरविताना गठ्ठा हार्नेसच्या कप्प्यात सैल बसतो की नाही, हेही तपासतात. दाबून कोंबलेली छत्री ऐनवेळी ओढून निघत नाही. जावळी-पाचगणी भागातील पावसाळ्याच्या दमट हवेत ठेवलेली छत्री हंगामापूर्वी उघडून, वाळवून पुन्हा घडी घालावी लागते. त्याच वेळी हार्नेस आढ्याला टांगून, त्यात बसून, एका हाताने मूठ ओढून पाहतात. गठ्ठा अडखळत असल्यास लहान आकाराची छत्री किंवा मोठ्या कप्प्याचे हार्नेस घ्यावे लागते.