भेंडवळचा घट, बँकॉकचे बैल

अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, पानात आमरस आणि कुरडया वाढतात. त्याच दिवशी सूर्य मावळताना जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेर, एका शेतात घट मांडला जातो. वाघ घराण्यातल्या चंद्रभान महाराजांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही घटमांडणी सुरू केली, असे परंपरा सांगते. मांडणीचा मान आजही त्याच घराण्याकडे आहे.

जमिनीवर गोल रिंगण आखतात आणि त्याच्या कडेने अठरा धान्ये मांडतात. त्यांत ज्वारी, गहू, तूर, मूग, उडीद यांच्याबरोबर जवस, तीळ, करडी, भादली, अंबाडी आणि सरकीही असते. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, सांडोळी, कुरडई, करंजी; सोबत पानसुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, सांडोळी-कुरडई म्हणजे गुरांचा चारा, पानसुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, हे पहाटे पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते.

असा घट याच मुलखात का टिकला, हे जमीनच सांगते. घाटाखालचा हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला. इथल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, ते पिकाला मानवत नाही. म्हणून सगळी मदार आभाळावर.

आभाळावर मदार असलेले शेतकरी आग्नेय आशियातही आहेत, आणि त्यांचा असाच सण वैशाखाच्या सुमारासच येतो. कंबोडियात वैशाख वद्य चतुर्थीला राजनांगराचा विधी होतो. थायलंडमध्ये मे महिन्यात, राजज्योतिषी ठरवतील त्या दिवशी, बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर पवित्र बैलांकडून नांगरट करून घेतात. मग त्या बैलांपुढे सात पदार्थ मांडतात: भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि दारू. बैलांनी भात-मका खाल्ला तर धान्य उदंड. गवत-पाण्याला तोंड लावले तर पाऊस आणि चारा पुरेसा. दारू प्यायली तर परदेशी व्यापार वाढणार. हे विधी दरबारचे ब्राह्मण करतात. बौद्ध परंपरा या नांगरटीचे मूळ शुद्धोदन राजाच्या वप्पमंगल उत्सवात पाहते. बाल सिद्धार्थ जांभळीखाली ध्यानाला बसला, तो याच उत्सवात.

भेंडवळचा घट आणि बँकॉकचे बैल यांचा थेट संबंध आहे, असा दावा मी करत नाही. पेरणीआधीची काळजी दोन्हीकडे सारखीच आहे, आणि दोन्हीकडे ती ताटातल्या अन्नाच्या भाषेत मांडली गेली आहे.

भाकितावर मात्र विसंबू नये. मुंगी, उंदीर, वारा यांपैकी कशानेही दाणा हलतो, आणि त्यावरून पाऊस कळत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा हा आक्षेप रास्त आहे. कर्ज काढून बियाणे घेणाऱ्या माणसाने पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहूनच घ्यावा.

तरीही घट मोलाचा आहे, तो त्याच्या यादीमुळे. सोयाबीन आणि कपाशीने शिवार व्यापले, तशी जवस, करडी, अंबाडी, भादली मागे पडली. एकाच वावरात ज्वारी, तूर, मूग, अंबाडी घेणाऱ्या शेतीत एक पीक बुडाले तरी दुसरे घर तारायचे. अठरा धान्यांचे ते रिंगण म्हणजे या शेतीचा जपून ठेवलेला सातबाराच.

ही पिके परत आणायची कशी, याचा एक धडा थायलंडच्या विधीत आहे. तो मधल्या काळात खंडित झाला होता. राजा भूमिबोल यांनी तो 1960 साली पुन्हा सुरू केला. तिथे पेरलेले भाताचे बी चित्रलदा राजवाड्याच्या प्रायोगिक शेतातले असते. विधी संपताच शेतकरी मैदानात धावतात, दाणे वेचतात आणि घरच्या बियाण्यात मिसळतात. तपासलेले बियाणे पाकिटांतून शेतकऱ्यांपर्यंतही जाते. श्रद्धेने जमलेल्या माणसांच्या हाती तिथे बियाणे पडते.

भेंडवळला हे सहज करता येईल. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारच्याच जिल्ह्यात आहे. भाकीत ऐकायला पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांना तिथेच जवस, करडी, अंबाडीचे खात्रीचे बियाणे मिळावे, आणि ज्यांनी जुने वाण राखले त्यांनी ते एकमेकांना द्यावे. घटातली अठरा धान्ये पुन्हा वावरात उगवली, तर एखादा पाऊस चुकला तरी घर उपाशी राहणार नाही.